चावी शेजारी दिली आहे

आमच्या इमारतीत प्रत्येक दाराला कुलूप आहे, पण विश्वास कुणाचाच कुलपावर नाही. विश्वास आहे तो माझ्या आईवर. इमारतीतला कोणीही बाहेर निघाला की तो आधी कुलूप लावतो, मग ते दोनदा ओढून बघतो, तिसऱ्यांदा खांद्याने दार ढकलून बघतो आणि एवढ्या काळजीने लावलेल्या कुलपाची चावी आमच्या आईच्या हातात ठेवून निर्धास्तपणे स्टेशनचा रस्ता धरतो. पूर्वी तर दारावर चिठ्ठीच असे : 'चावी शेजारी दिली आहे.' ही चिठ्ठी घरच्या माणसांसाठी असे, हे उघड आहे. पण चोराला वाचता येत नाही असे आम्ही सगळे कसे काय धरून चाललो होतो, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

आम्ही विठ्ठलवाडीला राहतो. नाव ऐकून काही लोकांना वाटते की आमच्याकडे पहाटे काकडआरती आणि दिवसभर टाळमृदंग चालत असणार. प्रत्यक्षात कल्याणहून अंबरनाथ-बदलापूरकडे निघालेल्या लोकलचे हे पहिले स्टेशन. टाळ ऐकू येतात ते लोकलमधल्या भजनी मंडळाचे, आणि गजर होतो तो एसटी डेपोतल्या गाड्यांचा. अशा ठिकाणी आमच्या चार मजली इमारतीतल्या चौदा घरांच्या चाव्या एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, आईच्या पलंगाखाली, पिढीजात असल्यासारख्या राहतात. कुठल्याही चावीवर नाव नाही. प्रत्येकीला लोकरीचा एक धागा बांधलेला आहे. हिरवा धागा तिसऱ्या मजल्यावरच्या नानांचा, लाल मास्तरीणबाईंचा, लाल-पिवळा नवीन बिऱ्हाडाचा. कुठला रंग कुणाचा, हे फक्त आईला ठाऊक. आईचे वय अठ्ठ्याहत्तर.

या व्यवस्थेत काही दोष आहे, असे मला कधी वाटले नव्हते. ते दाखवायला आमचा भाचा यावा लागला.

भाचेबुवा पुण्यात संगणकाची नोकरी करतात. गेल्या पावसाळ्यात ते 'वर्क फ्रॉम होम' घेऊन महिनाभर आमच्याकडे आले. पूर्वी पाहुणा आला की तो सुटीवर असे. आता पाहुणा नोकरीसकट येतो. त्याने हॉलमधले टेबल घेतले, माझी खुर्ची घेतली, पंख्याखालची जागा घेतली आणि कानाला यंत्र लावून तो दिवसभर हवेत बोलू लागला. आई पलीकडे गवार निवडत बसलेली असे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तेव्हा तिने मला खुणेनेच स्वयंपाकघरात बोलावले.

"अरे, हा पोरगा नक्की काय करतो?"

"का गं?"

"सकाळपासून कंटेनर, कंटेनर चाललंय. कंटेनरमध्ये सिक्रेट ठेवलंय म्हणे. ते आज रात्री बदलायचंय. आणि कुणालातरी सांगत होता, मारून टाक त्याला, लगेच दुसरा उभा राहतो."

मलाही जरा घाम फुटला. कंटेनर म्हटले की माझ्यासारख्या कॉमर्स ग्रॅज्युएटच्या डोळ्यांपुढे न्हावाशेवा बंदर येते. त्यातून कंटेनरमध्ये सिक्रेट म्हटल्यावर पुढे कस्टम, पंचनामा आणि वर्तमानपत्रात फोटो एवढेच उरते. जेवताना मी सहज विचारल्यासारखे विचारले. भाचा इतका हसला की त्याला ठसका लागला आणि हिने त्याच्या पाठीवर थोपटत माझ्याकडे असे पाहिले की ठसका मलाच लागायला हवा होता.

"मामा, कंटेनर म्हणजे डबा. प्रोग्रॅमचा डबा."

मग त्याने समजावले ते असे. प्रोग्रॅम एका मशीनवर चालतो आणि दुसऱ्यावर नेला की रुसतो. म्हणून त्याला लागणारे सगळे सामान त्याच्याबरोबरच डब्यात भरायचे. पोळी, भाजी, लोणचे एकत्र. डबा कुठेही उघडा, जेवण तेच. २०१३ साली डॉकर नावाची सोय निघाली आणि हे डबे घरोघरी झाले. पण डबे शेकड्यांनी झाले की ते कुठे पाठवायचे, कुठला सांडला, कुठे जास्त हवेत, हे बघायला कोणीतरी लागतो. ते काम करणारी कुबरनेटीस नावाची व्यवस्था गूगलने २०१४ साली जगासाठी खुली केली. शब्द ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा. अनेक मशीने जोडून त्यांच्यावर ही व्यवस्था बसवली की त्याला क्लस्टर म्हणायचे. एखादा डबा बिघडला तर दुरुस्त करत बसायचे नाही. तो मारायचा, त्याच्या जागी नवा आपोआप उभा राहतो.

"रक्तबीजच की," आई म्हणाली, आणि गवारीच्या शेंगांकडे परत वळली. तिच्यापुरता प्रश्न मिटला होता.

माझा मिटला नव्हता. "आणि सिक्रेट?"

"प्रत्येक डब्याला आत काम करायला कसली ना कसली चावी लागते. डेटाबेसचा पासवर्ड, पैसे भरायच्या यंत्रणेची किल्ली. ती त्याला द्यायची कशी, हाच प्रश्न. आधी लोक काय करायचे, पासवर्ड सरळ प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवायचे."

"म्हणजे दारावर चिठ्ठी."

"बरोबर. मग कुबरनेटीसने 'सिक्रेट' नावाचाच एक खण दिला. त्यात पासवर्ड ठेवला की तो गिचमिड अक्षरांत दिसतो. लोकांना वाटतं, झाला सुरक्षित. पण ते कुलूप नसतं. बेस-सिक्स्टीफोर नावाची नुसती लिहायची पद्धत आहे. ज्याला ठाऊक आहे तो क्षणात उलगडतो. आणि मुद्दाम सांगितल्याशिवाय ते सगळं आतल्या कोठारात उघडंच पडलेलं असतं."

"म्हणजे 'च'ची भाषा," आई म्हणाली.

भाचा तिच्याकडे बघतच राहिला. लहानपणी आम्ही भावंडे मोठ्यांना कळू नये म्हणून 'च'ची भाषा बोलत असू, आणि मोठ्यांनी ती आपल्या लहानपणीच शिकून ठेवलेली असे. सगळे बेत त्यांना कळत. फक्त त्यांना कळले आहेत हे आम्हाला कळत नसे. भाच्याने सांगितले की कंपन्यांचीही अगदी हीच अवस्था असते.

आता इथे मला माझ्या नोकरीबद्दल बोलणे भाग आहे. मी बँकेत कारकून आहे. बँकेचे नाव सांगत नाही. माझे नाव सांगायला बँकेलाही फारसे आवडत नसावे. पण गुपित कसे सांभाळावे, हे शिकावे तर बँकेतच. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. एकट्याला ती उघडता येत नाही. मग ते दोघे एकमेकांशी बोलत असोत वा नसोत. आमच्या शाखेतले असे दोघे एकदा सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते. रोज सकाळी शेजारी शेजारी उभे राहून, एक भिंतीकडे आणि दुसरा कॅलेंडरकडे बघत तिजोरी उघडत. तिजोरीला त्याचे काही वाटले नाही. जादा किल्ल्यांचा जोड सीलबंद करून दुसरीकडे ठेवलेला असतो. किल्ली या हातातून त्या हातात गेली की रजिस्टरात तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या. लॉकरचेही तसेच : एक किल्ली आमची, एक गिऱ्हाइकाची. सगळे कसे चोख.

आणि मग टेबलावर संगणक आला.

संगणकाचा पासवर्ड हा काय प्रकार आहे, ते आमच्यापैकी कुणाला नीट कळलेच नाही. किल्ली हाताला जड लागते, खिशात टोचते, हरवली तर पोटात गोळा येतो. पासवर्डला वजनच नाही. शिवाय तो ठरावीक दिवसांनी बदलायचा. त्यात मोठे अक्षर हवे, आकडा हवा, चिन्ह हवे. हा छळ कोणी सुरू केला, याचा मी पुढे शोध लावला. अमेरिकेतल्या मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेतल्या बिल बर नावाच्या गृहस्थांनी २००३ साली हे नियम लिहिले, जगाने ते डोक्यावर घेतले, आणि २०१७ साली निवृत्त झालेल्या बरसाहेबांनी यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो असे सांगून टाकले. त्याच वर्षी त्या संस्थेनेही, उगाच ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका, असे म्हटले. मधल्या चौदा वर्षांत लोकांनी बायकोच्या नावापुढे एक, दोन, तीन असे आकडे वाढवत नेले. आमच्या एका सहकाऱ्याचा आकडा सतरावर गेला होता. ऐकणाऱ्या नवख्या माणसाचा त्यांच्या संसाराबद्दल भलताच गैरसमज होई.

चिठ्ठीचा रोगही जुनाच. अमेरिकेत एम. आय. टी.मध्ये १९६१ च्या सुमारास एका संगणकावर अनेकांना काम करता यावे म्हणून पासवर्ड आले. दुसऱ्याच वर्षी तिथल्या ॲलन शेर नावाच्या संशोधकाने, आपल्याला जास्त वेळ मिळावा म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून घेतली. पासवर्ड जन्माला आल्यावर त्याला फुटायला वर्षभर पुरले. आमच्या शाखेत एक दिवस पुरला. कीबोर्ड उलटा केला की खाली पासवर्ड, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक.

या बाबतीत मी इतरांना हसतो आहे, तर माझेही सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी महिनाअखेर होती, काउंटरवर रांग होती, मी डबा खायला उठलो होतो. शेजारचा सहकारी म्हणाला, "तुझा पासवर्ड दे रे, दोन व्हाउचर टाकून मोकळं करतो." आता समोरचा माणूस आपलेच काम हलके करतो आहे, रोज त्याच्या डब्यातली चटणी आपण खातो, त्याला 'नाही' कसे म्हणायचे? दिला. जेवून येईपर्यंत माझ्या आयडीवरून एका गिऱ्हाइकाचे अठ्ठेचाळीस हजार भलत्याच खात्यात जाऊन बसले होते. तपासून मंजूर करणाऱ्या साहेबांनीही घाईत मंजूर केले. पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. मेमो आला. खुलासा लिहिला. सहकारी बिचारा खरे सांगायला तयार होता, पण त्याने खरे सांगितले असते तर पासवर्ड दिल्याबद्दल माझे जास्तच झाले असते. संगणकाला माणूस दिसत नाही, आयडी दिसतो. पैसे परत आले, मी वाचलो, पण त्या तीन आठवड्यांत घरी ही रोज रात्री विचारी, "अहो, काय झालंय?" आणि मी म्हणे, "ॲसिडिटी." सबंध आयुष्यात एवढे एकच गुपित मी नीट सांभाळले.

ही गोष्ट भाच्याला सांगितली तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "मामा, आमच्याकडे हेच होतं. एकच पासवर्ड दहा डबे वापरतात. गडबड झाली की कुणी केली ते कळत नाही." आणि मग त्या रात्री ते जे बदलणार होते त्याची हकिकत त्याने सांगितली.

घरगुती वापराचे पासवर्ड मॅनेजर असतात, वनपासवर्ड, बिटवर्डन वगैरे. सगळे पासवर्ड एका तिजोरीत, तिजोरीला एक मोठा पासवर्ड, तेवढा लक्षात ठेवायचा. तीच तिजोरी आता त्यांनी क्लस्टरला जोडायची ठरवली होती. क्लस्टरमध्ये 'ऑपरेटर' नावाचा एक प्रोग्रॅम बसवायचा. हा आमच्या हेडकॅशिअरसारखा. तो तिजोरीशी जातो, ज्या डब्याला जे लागते तेवढेच आणून देतो. बिलाच्या डब्याला बिलाचे, पत्राच्या डब्याला पत्राचे. कोणी, केव्हा, काय नेले, याची तिजोरीकडे नोंद. पासवर्ड बदलायचा तर तिजोरीत एकदा बदलायचा, ऑपरेटर तो नवीन पोचवतो.

मी कारकून आहे. कारकुनाला अशा वेळी एकच प्रश्न सुचतो. "मग ऑपरेटरला तिजोरी उघडायची चावी कोण देतो? ती कुठे ठेवता?"

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, या प्रश्नावर मोठमोठ्या लोकांनी डोकी फोडलीत. याला नाव आहे, 'सिक्रेट झीरो'. सगळ्या चाव्या कुलपात ठेवता येतात, शेवटची एक बाहेर उरतेच."

त्यावर उपाय आहेत म्हणे. मशीनला स्वतःची ओळख द्यायची, थोड्याच वेळात मुदत संपेल अशी चावी द्यायची. आणि एक उपाय तर ऐकून मला आमच्या शाखेचा अभिमानच वाटला. आदी शमीर नावाच्या इस्रायली गणितज्ञाने १९७९ साली एक युक्ती काढली. गुपिताचे पाच तुकडे करून पाच जणांना द्यायचे. कोणतेही तीन एकत्र आले तर गुपित उघडते. दोघांच्या तुकड्यांवरून काहीसुद्धा कळत नाही. व्हॉल्ट नावाच्या एका मोठ्या तिजोरीत मुळातच ही पाचात तीनची सोय असते. म्हणजे शेवटी संगणकवालेही आमच्यासारखेच भिंतीकडे आणि कॅलेंडरकडे बघत उभे राहणार तर!

रात्री त्यांनी पासवर्ड बदलला. मी झोपायला जाताना भाच्याच्या कपाळावर आठ्या होत्या. तिजोरीत नवा पासवर्ड होता, ऑपरेटरने तो पोचवलाही होता, पण काही डबे सुरू होताना घेतलेला जुनाच पासवर्ड घेऊन दार ठोठावत होते आणि दार उघडत नव्हते. "यांना उठवून परत बसवावं लागतं, मामा. नाहीतर जुनीच चावी धरून बसतात." मला तेव्हा त्यात विशेष काही वाटले नाही.

चार दिवसांनी पहाटे साडेतीनला बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई दारात. वरून नानांच्या दाराखालून पाणी जिन्यात येत होते आणि त्यांच्या छतातून गळत होते. नाना आणि नानी गावाला. आदल्या दिवशी पाणी नव्हते, तेव्हा नळ उघडा राहिला असणार. सगळी इमारत आमच्याकडे आली. चावी आमच्याकडे होती.

आईने डबा मांडीवर घेतला आणि क्षणात हिरव्या धाग्याची चावी काढून दिली. भाचा वर पळाला. दोन मिनिटांनी परत आला. "आजी, ही लागत नाही."

आईने चावी हातात घेऊन पाहिली. "हिरवी नानांचीच."

"नाही लागत, आजी."

मग तिने डबा उपडा केला. सगळे धागे दिव्याखाली धरून बघू लागली. हिरवा की निळा? निळा तर खालच्यांचा. की खालच्यांचा जांभळा होता? बाहेर पाच-सहा माणसे उभी, पाणी जिन्यावरून उतरते आहे, आणि ती एकेक चावी उचलून परत ठेवते आहे. शेवटी तिने सगळाच डबा भाच्यापुढे केला आणि हळू आवाजात म्हणाली, "तूच बघ रे बाळा. मला आता आठवत नाही."

चौदाही चाव्या लावून झाल्या. एकही लागली नाही. अखेर मी गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, आणि सगळे झोपायला गेले. आई गेली नाही. सकाळी सहाला मी उठलो तेव्हा ती पलंगावर बसून, धाग्यांची नावे पुटपुटत होती.

नाना तिसऱ्या दिवशी आले. पाण्याचे ऐकून हळहळले, मास्तरीणबाईंची क्षमा मागितली आणि आमच्याकडे येऊन म्हणाले, "अहो वहिनी, माझ्या डोक्यातूनच गेलं. दिवाळीत आम्ही लॅच बदललं. नवी चावी तुम्हाला द्यायची राहूनच गेली."

म्हणजे हिरवी चावी नानांचीच होती! आईचे अगदी बरोबर होते. कुलूप बदलले होते. भाचा उडालाच. "आजी, तू नाही विसरलीस! चावी रोटेट झाली होती आणि तुला कोणी कळवलंच नाही!" मी म्हटले, "झालं तर मग. उगाच तीन दिवस जिवाला घोर लावून घेतलास."

आई हसली. पण थोड्या वेळाने म्हणाली, "या वेळी नाही विसरले. उद्या विसरले तर?"

यावर कोण काय बोलणार? भाच्याने मात्र उत्तर कामाने दिले. तो पुण्याला जाण्याआधी आम्ही दोघांनी मिळून सगळ्या चाव्यांना आकडे लावले. आकडेच, नावे लावली असती तर ती पुन्हा दारावरची चिठ्ठी झाली असती. कुठला आकडा कुणाचा, ते एका वहीत. वही डब्यात ठेवायची नाही, ती हिच्या कपाटात. कुलूप बदलले की जुनी चावी परत न्यायची आणि नवी आणून द्यायची. चावी नेली-आणली की बँकेसारखी तारीख, वेळ, सही.

सहीचे नाव काढताच आई दुखावली. "तीस वर्षं लोक चाव्या ठेवून जाताहेत. कुणी कधी सही मागितली नाही. आता विश्वास नाही का माझ्यावर?"

मी तिला आमच्या तिजोरीपुढच्या त्या दोघांची गोष्ट सांगितली. म्हटले, "आई, ते सहा महिने बोलत नव्हते, पण एकानेही दुसऱ्यावर कधी आळ घेतला नाही. घ्यायची पाळीच आली नाही. वही होती ना! मी चटणीच्या भिडेनं पासवर्ड दिला, तिथे वही नव्हती. तीन आठवडे मी आणि माझा मित्र एकमेकांच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही."

"म्हणजे ती ॲसिडिटी नव्हती तर!" आतून ही म्हणाली.

असो. वही सुरू झाली. पहिल्या पानावर आईची सही आहे, जुन्या वळणाची, पूर्ण नावाची, बापाच्या नावासकट. नाना तर आता वहीत सही करण्यासाठी म्हणून चावी ठेवायला येतात आणि चहा घेऊन जातात. आई रोज दुपारी वही काढून, हिरव्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे एकदा वाचते. धागे तिने काढू दिलेले नाहीत.

भाच्याचा परवा फोन आला. त्यांचे क्लस्टर आता शहाण्यासारखे वागते आहे. त्याने विचारले, "मामा, डबा कुठे ठेवता आता?"

"कपाटात. कुलूप लावून."

"आणि कपाटाची चावी?"

मी जरा थांबलो. पण भाच्याशी खोटे कशाला बोला?

"शेजारी दिली आहे," मी म्हटले. "पण सही घेऊन."